फाटकावर ‘न्हाई’ म्हणणारी साळुबाई

डिंगोऱ्याच्या अलीकडं रस्त्यालाच पांजरपोळ आहे. तिथं दान द्यायला जायचं असेल तर आधी साळुबाईची बोलणी खायची तयारी ठेवून जावं. माणूस बिचारं हौसेनं गाडीची डिकी भरून जातं. बायको ठेवणीतली साडी नेसलेली, पोरं मोबाईल काढून उभी. आता गाईला घास भरवायचा आणि फोटो काढायचा, की फाटकात ही बाई कमरेवर हात ठेवून आडवी!

“काय आणलंय? उघडा बघू.”

“चपात्या आहेत मावशी.”

“न्हाई चालायच्या. माघारी न्या.”

“अहो, शिळ्या नाहीत. आत्ता केल्यात.”

“ताज्या हायेत तर तुमीच खा की मग.”

आता सांगा, पुण्य करायला आलेल्या माणसाला असं कुणी बोलतं का? पण साळुबाई बोलते. राजुरीचा एक पाव्हणा पोराच्या वाढदिवसाला अख्खा केक घेऊन आला होता. गाईपुढं कापायचा आणि तिलाच भरवायचा म्हणे. साळुबाईनं त्याला भर रस्त्यात विचारलं, “तुज्या गोठ्यातली गाय मेणबत्त्या फुंकती का रं?” पाव्हणा असा वरमला, की केक तिथंच कामगारांत वाटून गेला आणि दुसऱ्या दिवशी मक्याची गाडी पाठवली. साळुबाईच्या बोलण्यानं दान आटतं, अशी कुरकूर ट्रस्टच्या मीटिंगमध्ये दरवेळी व्हायची. आटत काही नव्हतं, नुसतं रूप बदलून यायचं.

दानावाचून चालायचंही नाही म्हणा. नको झालेले गोऱ्हे, भाकड गाई, हायवेला गाडीनं उडवलेली, पोलिसांनी टेम्पो अडवून सोडवलेली, असली सगळी जित्राबं तिथं. बाजारपेठेतली जैन मंडळी ट्रस्ट चालवतात, पण एवढी तोंडं त्यांच्या एकट्यांच्या बळावर कुठली भरायला? ऊसतोडीच्या दिवसांत राजुरीकडनं वाढ्यांचे ट्रॅक्टर येतात. कुणी कडबा टाकून जातं. ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला आलेली माणसं वाट वाकडी करून येतात. कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, कुणाच्या बापाची पुण्यतिथी. ऑफिसात दिवस सांगायचा, त्या दिवसाचा चारा त्या नावानं पडतो आणि फाटकाशेजारच्या फळ्यावर खडूनं नाव लिहितात. हे सगळं साळुबाईला चालतं. वाळला चारा चालतो, हिरवा चालतो, गुळाचा एखादा खडाही चालतो. शिजवलेलं अन्न तेवढं नाही म्हणजे नाही.

त्याला कारण आहे. एका संक्रांतीला लोकांनी घुगऱ्या, गूळ, बाजरीच्या भाकरी असं इतकं काही आणून ओतलं, की दोन गाई पोट फुगून गेल्या. कडब्यावर चालणारं पोट ते. त्यात शिजलेलं धान्य आणि गूळ एकदम पडला की आत आंबतं, जनावराचं रवंथ थांबतं आणि मग देवसुद्धा हात टेकतो. डॉक्टर वृषालीताई आठवड्याला तपासायला येतात, त्यांनी तेव्हा देणगीतून फाटकावर ‘शिजवलेलं घालू नये’ अशी भलीमोठी पाटी लावून घेतली. पण पाटी वाचतो कोण? म्हणून ट्रस्टनं पाटीशेजारी साळुबाईला उभी केली.

साळुबाई मूळची वरच्या डोंगरातली, इथल्याच आंबोलीच्या पलीकडची. उतारावर भात आणि नाचणी, पावसाळा सरला की खाली येऊन कांदे लावायचे, असा संसार. नवरा रखमाजी हिरडा झोडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. तो गेला त्याच साली त्याच्या जोडीतला एक बैलही गेला. एका बैलावर औत चालत नाही, विकावा तर तो कुठं जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईनं त्याला चालवत चालवत पांजरपोळीत आणून सोडलं. तिथला नियम असा, की आत आलेलं जनावर परत मागायचं नाही. नाही तर नाही! ती पुढच्या आठवड्याला त्याला बघायला आली, त्याच्या पुढच्या आठवड्याला पुन्हा आली. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, “बाई, एवढा हेलपाटा घालतेस, त्यापेक्षा कामालाच का लागत नाहीस?” पुढं बैल म्हातारा होऊन मेला. साळुबाई राहिली ती राहिलीच.

पांजरपोळीत दुखणाईत जनावराला सुई देऊन मोकळं करत नाहीत. ज्याचं त्याचं मरण येईस्तोवर सांभाळायचं, आणि अखेरच्या वेळी त्याच्या कानाशी जैनांचा नवकार मंत्र म्हणायचा. साळुबाईनं नवकार ऐकून ऐकून पाठ केला होता. उच्चार तिचे डोंगरातले, पण मरणाऱ्या जनावरानं कधी तक्रार केली नाही.

आता बुंदीचं सांगतो. हायवेला एका गाईला ट्रकनं उडवलं, तिच्या पोटाशी घुटमळणारं पांढऱ्यावर पिवळे ठिपके असलेलं वासरू पांजरपोळीत आणलं. चार दिवसांचं असेल नसेल. त्याच दिवशी ओतूरचे कापडवाले सुवालालशेठ आपल्या लेकीला, रिद्धीला, वाढदिवसाचा चारा घालायला घेऊन आले होते. पोरगी शाळेत दुसरी-तिसरीला. वासरू बघितलं आणि म्हणाली, “मावशी, ही बुंदी आहे!” झालं, नाव पडलं. त्या दिवसापासून दर शनिवारी शाळा सुटली की रिद्धी हजर. साळुबाई बाटली धरायची, रिद्धी वासराची मान धरायची, आणि निम्मं दूध दोघींच्या अंगावर. साळुबाईला मूलबाळ नव्हतं. ती बोलायची काही नाही, उलट “अगं, घरला जा, आई वाट बघतीया” म्हणून पोरीला हाकलायची. पण शनिवारी पोरगी आली नाही की ही फाटकातून चार वेळा रस्ता बघून यायची.

रिद्धी मोठी झाली, कॉलेजला गेली. बुंदीला दोन वेतं झाली, मग ती भाकड झाली. आणि एका दिवाळीनंतर रिद्धीला कावीळ झाली. आधी साधीच म्हणाले, मग पुण्याला न्यायला सांगितलं. पुण्याहून पोरगी परत आली ती ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या कापडात. एकोणीस वर्षांची पोर! काय बोलायचं राव? अशा वेळी माणसं समजुतीचं काहीबाही बोलतात, ते सगळं खोटं असतं.

रिद्धीची आई सूरजबाई. ओतुरात त्यांच्या हातची लापशी प्रसिद्ध. लग्नकार्यात आचारीसुद्धा भाभींना विचारायचा, गूळ कधी घालू म्हणून. लेक गेली आणि ही बाई स्वयंपाकघरात पाय ठेवीना. रडेनासुद्धा. खिडकीपाशी बसून राहायची. सुवालालशेठ दुकान नोकरांवर टाकून तिला डॉक्टरांकडं, जैन महाराजसाहेबांच्या व्याख्यानाला, माहेरी राजस्थानला, कुठं कुठं घेऊन हिंडले. कशाचा काही उपयोग झाला नाही. शेवटी एक दिवस नुसतं चक्कर म्हणून पांजरपोळीत आणलं. बुंदी आपली सवयीनं पुढं आली आणि तिनं सूरजबाईंचा हात मनगटापर्यंत चाटला. पोरीचा वास येत असेल आईच्या हाताला, कुणाला ठाऊक. सूरजबाई तिच्या गळ्यात पडून जी रडली, ती तासभर. साळुबाईनं सगळ्यांना तिथून हाकलून लावलं आणि स्वतः पाठमोरी उभी राहिली.

तेव्हापासून दर सोमवारी सूरजबाई यायच्या. बुंदीशी बोलायच्या. रिद्धीनं कुठला ड्रेस पसंत केला होता, तिच्या मैत्रिणीचं लग्न ठरलंय, असलं सगळं. माणसांशी अजून बोलत नव्हत्या, पण गाईशी बोलायला लागल्या. सुवालालशेठ साळुबाईला एकदा म्हणाले, “मावशी, ही गाय आहे म्हणून माझी बायको आहे. जपा तिला.”

साळुबाई म्हणाली, “ते काय सांगाय लागतंय व्हय शेठ?”

वर्ष सरलं. रिद्धीच्या वरसीच्या दिवशी सकाळीच शेठांची गाडी फाटकाशी थांबली. शेठ उतरले, डोळे सुजलेले, पण तोंडावर काहीतरी निराळंच. साळुबाईला बाजूला घेऊन म्हणाले, “मावशी, काल संध्याकाळी ही उठली आणि आपण होऊन गॅसपाशी गेली. एक वर्षानं. लापशी केली. रिद्धीला आवडायची म्हणून. आज बुंदीला भरवायची म्हणते.”

साळुबाईनं गाडीत पाहिलं. सूरजबाई मागच्या सीटवर पितळी टोप मांडीवर धरून बसलेल्या. तुपाचा आणि वेलदोड्याचा वास फाटकापर्यंत येत होता.

“शेठ, तुमाला ठाव हाय—”

“ठाऊक आहे. पाटी मीच देणगी देऊन लावलीय. पण मावशी, आज नाही म्हणू नका. तुमच्या पाया पडतो.”

आणि खरंच वाकले हो ते, ओतूरचा एवढा मोठा माणूस! साळुबाईनं घाबरून त्यांचे हात धरले. “दोन घास,” ती म्हणाली. “दोनच. देवाच्या नैवेद्यापुरतं.”

सूरजबाईंनी पहिला घास भरवला. बुंदीनं जन्मात असलं काही खाल्लेलं नव्हतं. जीभ फिरवली आणि टोपातच तोंड घालायला निघाली. सूरजबाई हसल्या. खुदकन, पोरीसारख्या. वर्षभरात कुणी ऐकलं नव्हतं ते हसू. दुसरा घास झाला, तिसरा झाला. साळुबाई पुढं झाली, टोपाच्या कडीला हात घातला. “भाभी, पुरं आता.”

“खाऊ दे गं साळुबाई,” सूरजबाई म्हणाल्या. त्यांची नजर गाईवरून हलली नाही. “माझी लेक जेवतीय.”

साळुबाईचा हात कडीवरून सुटला. ज्या बाईनं आमदाराच्या मेहुण्याला भाकरीसकट माघारी पाठवलं होतं, तिला एका आईच्या हातातला टोप ओढून घेता आला नाही. ती मागं सरली आणि दावणीतला कडबा उगीच सारखा करत बसली. टोप खरवडल्याचा आवाज आला तेव्हा तिनं वळून पाहिलं. बुंदी बूड चाटत होती. मोठा टोप होता, घरातल्या वीस माणसांना पुरला असता.

संध्याकाळपासून बुंदीनं रवंथ केलं नाही. साळुबाईनं खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, गोडं तेल पाजलं, डावी कूस चोळत बसली. सकाळी उजाडताच वृषालीताईंना फोन केला. त्या आल्या तेव्हा बुंदी आडवी झाली होती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, दात करकरा खात होती, पाय झाडत होती.

“काय खाल्लंय हिनं?” वृषालीताईंनी विचारलं.

साळुबाईनं सांगितलं.

“किती?”

“टोपभर.”

“आणि तुम्ही होता ना तिथं?”

साळुबाईनं सलाईनची बाटली हातात उंच धरली आणि धरूनच राहिली. वृषालीताईंनी करायचं ते सगळं केलं, नळी घातली, सलाईन चढवलं. दुपार कलली तेव्हा त्यांनी मान हलवली. साळुबाई खाली बसली, बुंदीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी नवकार म्हणायला लागली. मधेच चुकायची, पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. बाकीच्या जनावरांच्या वेळी ती कधी चुकत नसे. बुंदी डोळे फिरवून तिच्याकडंच बघत होती. असं बघत होती, की हिनं काहीतरी करावं. ऊन ओसरीपर्यंत आलं आणि ते झाडणारे पाय थांबले.

आता शेठांना कळवणं आलं. वृषालीताई म्हणाल्या, “खरं काय ते सांगायला हवं, साळुबाई. मी सांगू का?”

“न्हाई ताई, मी सांगते,” साळुबाई म्हणाली. आणि तिचा तसा विचार होताही.

पण शेठ आणि सूरजबाई आले, सूरजबाईंनी त्या झाकलेल्या गाईकडं पाहिलं आणि साळुबाईचे दोन्ही दंड धरून विचारलं, “कशी गेली गं? काय झालं तिला?” त्यांचं तोंड पुन्हा त्या खिडकीतल्यासारखं दगड व्हायला लागलं होतं. साळुबाईनं ते बघितलं आणि तिची जीभ आपोआप वळली.

“म्हातारी झाली व्हती भाभी. झोपंतच गेली. काय बी तरास झाला न्हाई. पोटभर खाऊन, शांत गेली बगा.”

सूरजबाईंनी तिचे दंड सोडले. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या हातचा घास शेवटचा.”

“व्हय.”

“थांबली होती माझ्यासाठी. वरसी होईपर्यंत थांबली, जेवली आणि गेली.” आणि त्यांनी साळुबाईला मिठी मारली. शेठ धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

एका खोट्यानं एक माणूस उभं राहिलं तर त्याला काय म्हणायचं? सूरजबाई खरंच उभ्या राहिल्या. घरात स्वयंपाक करायला लागल्या, गल्ल्यावर बसायला लागल्या, जैन स्थानकात व्याख्यानाला जायला लागल्या. जो भेटेल त्याला बुंदीची गोष्ट सांगायच्या. गोष्ट ओतूरभर झाली, नारायणगावपर्यंत गेली. लोक फाटकाशी येऊन विचारायचे, “ती लापशी खाऊन मुक्तीला गेलेली गाय इथलीच का?” साळुबाई पाठ फिरवून झाडू हाती घ्यायची. पूर्वी ती नाही म्हणताना दोन थट्टेचे शब्द तरी बोलायची. आता लहान पोराच्या हातातलं बिस्कीटसुद्धा काढून घ्यायला लागली. पोरगं रडलं तरी तिला दया येईना. मंडळी म्हणाली, म्हातारी खत्रूड झाली. वृषालीताईंनी एकदा नुसतं विचारलं, “सांगितलंत का?” त्यावर साळुबाई उठून पाणी आणायला गेली. गोड खाणंही तिनं सोडलं होतं. दिवाळीत कुणी लाडू दिला तर पदरात बांधून घ्यायची आणि घरी जाऊन मुंग्यांना घालायची.

दुसरी वरसी आली. त्या दिवशी फाटकाशी गाडी नाही, टेम्पो आला. टेम्पोत पातेली, एकावर एक, फडकी बांधलेली. मागून दोन गाड्या, त्यात नटून आलेल्या बायका. सूरजबाई पुढं उतरल्या. केस विंचरलेले, तोंडावर तेज. “साळुबाई, सगळ्यांना! एकट्या बुंदीला काय म्हणून? सगळी म्हातारी जित्राबं आहेत, सगळ्यांचं तोंड गोड होऊ दे. पहाटेपासून आम्ही बाया लागलोय.”

“न्हाई भाभी,” साळुबाई म्हणाली. “शिजवल्यालं न्हाई चालत.”

बायका हसल्या. सूरजबाईही हसल्या. “अगं, मला नाही म्हणतेस? बुंदीला चाललं की!”

“डॉक्टरीणबाईंची पाटी हाय.”

“पाटी आमचीच आहे.” शेठांनी हसत मोबाईल काढला, ट्रस्टींना लावला, स्पीकरवर घातला. ट्रस्टी म्हणाले, “द्या हो घालू एक दिवस, भाभींचा भाव आहे त्यात. साळुबाई, फाटक सोडा.” टेम्पोवाल्यानं गाडी चालू केली. आत दावणीची जनावरं वासानं उठून उभी राहिली होती आणि हंबरायला लागली होती.

साळुबाई फाटकाला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हातांनी गज धरले. “चाक माज्या अंगावरनं गेलं पायजे,” ती म्हणाली.

मग मात्र कुणी हसलं नाही. शेठ चिडले. “मावशी, हे अति होतंय. आज दिवस कोणता आहे, काही कळतं का?”

“कळतंय शेठ.”

“मग?”

साळुबाईनं सूरजबाईंकडं पाहिलं. त्या एकटक तिच्याकडं बघत होत्या. रागावल्या नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

“भाभी,” साळुबाई म्हणाली, “बुंदी म्हातारपणानं न्हाई गेली.”

टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं.

“लापशीनं गेली. संध्याकाळीच फुगली व्हती. मला ठाव व्हतं असं हुनार, आन् मी टोप वडला न्हाई. तुमी हसत व्हता वो. मला वडवला न्हाई. चूक माजी हाय, भाभी, तुमची न्हाई. मी तुमाला खोटं सांगितलं.”

शेठांचा मोबाईल अजून चालू होता. त्यातून ट्रस्टी “हॅलो, हॅलो” करत होते. शेठांनी तो बंद केला. बायकांपैकी कुणीतरी “अगंबाई” म्हणालं. सूरजबाईंनी पातेल्यांकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं. त्या पुढं आल्या, साळुबाईच्या अगदी समोर. साळुबाईला वाटलं, आता ही मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“झोपेत नाही गेली?” सूरजबाईंनी विचारलं.

“न्हाई.”

“मग लई तडफडली का गं?”

साळुबाईनं फाटकाचे गज सोडले. अजून एक खोटं तिच्या ओठावर होतं, मऊ आणि तयार. सूरजबाईंनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

“व्हय, भाभी,” साळुबाई म्हणाली. “लई.”